माळेगावच्या वाटेवरील पाले

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोहा मागे टाकून बालाघाटच्या माळरानातून पुढे निघाला, की माळेगाव लागते. एरवी हे एक लहानसे गाव. परंतु मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली म्हणजे या वाटेचे रूपच पालटते. गाढवांच्या पाठींवर, बैलगाड्यांतून आणि अलीकडे टेंपोंतूनही बिऱ्हाडे येऊ लागतात. सायंकाळी ती रस्त्याच्या कडेला थांबतात आणि पाहता पाहता मोकळ्या माळावर पाले उभी राहतात. ही सारी मंडळी खंडोबाच्या यात्रेस निघालेली असतात.

सहलीस गेलेली मुले एखादी रात्र तंबूत काढतात, तेव्हा त्यांना मोठी मौज वाटते. घिसाडी, वैदू, गारुडी, जोशी, मसणजोगी अशा भटक्या जमातींतील कुटुंबांचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाल हेच घर होते. काहींचे ते आजही आहे. त्यामुळे मुक्कामाची जागा निवडणे हे त्यांच्या दृष्टीने मोठ्या जबाबदारीचे काम असते. पाणी जवळ हवे, पण ओढ्याच्या पात्रात उतरून चालत नाही. कोणाचे उभे पीक तुडविले जाता कामा नये. मार्गशीर्षात माळावर रात्री बोचरा वारा सुटतो, म्हणून पालाची पाठ वाऱ्याकडे ठेवावी लागते. दोन टोकांना दोन मेढी, त्यांवर एक आडवी काठी, तीवरून टाकून खुंट्यांना ताणलेले जाड कापड किंवा जुनी गोधडी, एवढेच काय ते बांधकाम. समोर तीन दगडांची चूल पेटते. गाढवाचे पुढचे पाय दोरीने सैलसर बांधतात, म्हणजे ते चरत राहते, पण दूर जात नाही.

शेजारी दुसरे बिऱ्हाड उतरले, की चुलीजवळ विचारपूस सुरू होते. ती रिकामपणाची बडबड नव्हे. पुढे पाणी कोठे आहे, चारा कोठे मिळेल, विळे-कुऱ्हाडींना धार लावून घेणारे गाव कोणते, हे वाटसरूच वाटसरूला सांगू शकतो. कोणत्या गावाच्या शिवारात मुक्काम करू देत नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. कारण पाल दिसले की संशय घेण्याची खोड जुनी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तरीही गावात चोरी झाली, की पुष्कळ ठिकाणी पहिले बोट पालांकडेच वळते. ज्याच्या दाराला कडीच नाही, त्याला सर्वांत जास्त भय परक्याचे असावयाचे. येथे मात्र घरे असलेलेच त्याला भितात!

माळेगावी पोहोचल्यावर हे भय काही दिवस दूर होते. देवस्वारी निघते, येळकोटाचा गजर होतो, भंडारा उधळला जातो. जनावरांचा बाजारही येथे मोठा भरतो. घोडे, गाढवे, उंट आणि या भागातील दोन नामांकित जातींची गुरे तेथे पाहावयास मिळतात. कंधार भागातील लालकंधारी जनावर नावाप्रमाणे तांबडे असते, तर लातूर जिल्ह्यातील देवणी जातीच्या अंगावर पांढऱ्या रंगावर काळे ठिपके दिसतात. बैल घेणारा प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती असे त्याचे वय ठरते आणि आठ दात पुरे झाले, की बैल जुळला असे म्हणतात. पुष्कळदा सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. भोवतालच्या गर्दीस किंमत कळत नाही.

या मंडळींच्या दृष्टीने बाजाराहून मोठी गोष्ट म्हणजे भेट. वर्षभर निरनिराळ्या वाटांनी फिरणारे सोयरे येथे एकत्र येतात. घरात कोण जन्मले, कोण गेले, हे कित्येकांना पूर्वी येथेच कळत असे. लग्ने ठरत, भांडणे मिटत आणि जातपंचायतीही बसत. पंचांचे निवाडे झटपट होत हे खरे. परंतु एखाद्या कुटुंबास वाळीत टाकण्याची शिक्षा फार क्रूर होती आणि तिचा जाच स्त्रियांना अधिक होई. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने असा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे.

आता गावोगावची खबर भ्रमणध्वनीवर कळते. विळे-कोयते कारखान्यांतून येऊ लागल्याने घिसाड्यांचे काम आटले आहे. काही कुटुंबांनी गावांत घरे बांधली, काहींची मुले शासनमान्य आश्रमशाळांत राहून शिकतात. जी मुले अजून पालाबरोबर फिरतात, त्यांची शाळा मात्र दर मुक्कामाला मागे पडते. यात्रा संपली, की खुंट्या उपटल्या जातात, गोधड्यांची गाठोडी होतात आणि बिऱ्हाडे निघतात. कोणी अहमदपूर-लातूरच्या वाटेने, कोणी नांदेडकडे, तर कोणी तेलंगणाच्या दिशेने. निघताना पुढल्या मार्गशीर्षात कोणत्या झाडाखाली उतरावयाचे, हे सोयरे आपसांत ठरवून घेतात.