न उच्चारलेले विधान : टिळकांचे अग्रलेख आणि मन वळविणाऱ्या भाषेचा अर्थ

मराठीच्या अध्यापनात अलंकारांचा विचार बहुधा काव्यापुरता केला जातो. गद्यातील, विशेषतः वृत्तपत्रीय गद्यातील, अलंकार मात्र ‘शैली’ या सैल शब्दाखाली गुंडाळले जातात. वस्तुतः वाचकाचे मन वळविणे हेच ज्याचे प्रयोजन असते, त्या गद्यात अलंकार शोभेसाठी येत नाही. युक्तिवादाचा भारच त्याच्यावर असतो. लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तील लेखन आणि त्यावर झालेले राजद्रोहाचे खटले यांवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

अॅरिस्टॉटलने वक्त्याचे शील, श्रोत्याची भावना आणि तर्क अशी मन वळविण्याची तीन साधने सांगितली. तर्काच्या विवेचनात त्याने ‘एन्थिमीम’ या अनुमानप्रकाराला विशेष स्थान दिले. या अनुमानातील एखादे विधान वक्ता बहुधा उच्चारीत नाही. श्रोता ते मनातल्या मनात भरून काढतो. आपणच पुरविलेले विधान परके वाटत नाही, म्हणून ते सहज स्वीकारले जाते. भारतीय काव्यशास्त्रातील ‘काकू’ची, म्हणजे स्वरविकाराची, कल्पना याच्या जवळची आहे. शब्द प्रश्नाचे असतात, पण स्वरामुळे अर्थ विधानाचा होतो. काकूने आक्षिप्त होणाऱ्या या अर्थाला मम्मटाने गुणीभूतव्यंग्याच्या प्रकारांत स्वतंत्र स्थान दिले आहे. (काकुवक्रोक्ती हा अलंकार याहून वेगळा. तेथे एकाचे बोलणे दुसरा मुद्दाम निराळ्या अर्थाने घेतो. पाठ्यपुस्तकांत या दोहोंची सरमिसळ होताना दिसते.)

काकू हा आवाजाचा धर्म आहे आणि छापील कागदाला आवाज नसतो. मग वृत्तपत्रात तो येतो कोठून? १८९७ च्या जुलै महिन्यातील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे अग्रलेखाचे शीर्षक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यानंतर सरकारने शहरावर कडक उपाय योजले, ही त्याची पार्श्वभूमी. ‘डोके ठिकाणावर नसणे’ हा घरगुती वाक्प्रचार आहे. संतापलेल्या माणसाला घरातील वडीलधारे माणूस जे ऐकविते, ते येथे साम्राज्याला ऐकविले आहे. वाक्याच्या शेवटी आलेला ‘काय’ वाचकाला तो स्वर आपोआप लावावयास भाग पाडतो. ‘नाही’ हे उत्तर लेखकाने कोठेही दिलेले नाही. ते वाचकाचे आहे. शिवाय डोके ठिकाणावर नाही म्हणजे ते परत ठिकाणावर येऊ शकते, अशीही एक सूचना त्यात आहे. इंग्रजीत ‘सरकार वेडे झाले आहे काय’ असे भाषांतर केले, तर घरगुती दटावणी आणि ही सूचना दोन्ही नाहीशी होतात व केवळ शिवी उरते.

त्याच महिन्यातील ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ या शीर्षकाची रचना निराळी आहे. वरकरणी ही व्याख्या आहे. ‘नव्हे’ हे रूप दोन गोष्टींचे तादात्म्य नाकारते. परंतु ज्याचा कोणी दावा केलेला नाही ते नाकारण्याचे कारण काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठतो आणि सरकार सूड उगवीत आहे हा आरोप तो स्वतःच पुरा करतो.

ही दोन्ही शीर्षके आज सर्वतोमुखी आहेत. टिळकांना शिक्षा त्यांच्यामुळेच झाली, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात १८९७ चा खटला उभा होता तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर. त्यात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता व शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत होता. सध्याच्या राज्यकर्त्यांविषयी उघड विधान करण्याऐवजी भूतकाळातील पुरुषाला बोलते केले होते. तुलना वाचकावर सोपविली होती. न्यायालयापुढील अडचण येथेच होती. कायद्याला वाक्य हवे असते आणि त्या वाक्याला धनी हवा असतो. जे विधान लेखक व वाचक यांच्यामध्ये घडले, ते एकट्या लेखकाच्या पदरात घालावयाचे, तर मधली जागा कोणी तरी भरली पाहिजे. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा व्यापक अर्थ ज्यूरीला सांगून ती भरून दिली. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९०८ च्या खटल्यात हा प्रश्न भाषांतराच्या रूपाने पुढे आला. त्या वर्षीच्या एका अग्रलेखाचे ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे शीर्षक ‘अन्याय्य’ असा शब्द वापरीत नाही. वैद्याने औषधाविषयी बोलावे तसे बोलते. लेखातील मजकूर मात्र शीर्षकाइतका सौम्य नव्हता, हे मान्य केले पाहिजे. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे काम स्वतः चालविले, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मराठी शब्दांच्या छटा इंग्रजीत कशा बदलल्या हे दाखविण्याचा प्रयत्न केला. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी सदस्य होते. ज्या वाचकासाठी लेख लिहिला, तो वाचक न्यायालयात नव्हता. त्याच्या जागी भाषांतर वाचणारे लोक बसले होते. सात विरुद्ध दोन असा निर्णय होऊन २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची हद्दपारी झाली.

१९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून टिळकांकडून जामीन मागण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने सुटी वाक्ये न पाहता भाषणे समग्रपणे वाचली आणि तो हुकूम रद्द केला. भारतीय दंडसंहितेतील १२४-अ हे कलम त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. बोललेले व लिहिलेले शब्द आणि खुणा मात्र त्यातही आहेत.