डिलीट झालेला फोटो परत मिळतो का? आणि कोर्टात चालतो का?

आमच्या एका विद्यार्थ्याची अम्मी इद्दत संपल्यावर शाळेत भेटायला आली. तिच्या मरहूम शौहरने भागीदाराला अडीच लाख रुपये उसने दिले होते. चिठ्ठी लिहून घेतली होती, पण ती घरात कुठेच सापडेना. तिचा फोटो मात्र मोबाइलच्या मेमरी कार्डात होता, आणि मोबाइल हँग होतो म्हणून मुलाने नेमकं ते कार्ड फॉरमॅट करून टाकलं. भागीदार आता म्हणतो, कसले पैसे? "सर, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता, काही होईल का?"

होऊ शकतं, पण कसं ते समजून घेतलं पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयात रजिस्टर असतं. त्यातली नोंद खोडली म्हणून कपाटातलं पुस्तक लगेच नाहीसं होत नाही. डिलीट किंवा साधं फॉरमॅट केल्यावर बहुतेक वेळा अशी फक्त नोंदच जाते आणि जागा "रिकामी" ठरते. त्या जागेवर नवा फोटो बसला की मग जुना कायमचा गेला. म्हणून पहिलं काम एकच: कार्ड काढून बाजूला ठेवायचं. घाबरून त्याच मोबाइलवर रिकव्हरीची चार ॲप्स टाकणारे लोक आम्ही पाहिलेत. जे शोधायचं त्यावरच ते नवा माल ओततात.

सुदैवाने भाभींनी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. आम्ही आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब नक्कल संगणकावर घेतली आणि शोध त्या नकलेत केला, मूळ कार्डात नाही. त्यासाठी फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते रजिस्टर बघतच नाही, थेट कपाट तपासतं. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, ती खूण जिथे दिसेल तिथून फोटो उचलतं. फाइलचं जुनं नाव परत येत नाही. मात्र कॅमेऱ्याने फोटोच्या आत नोंदवलेली तारीख राहते. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो असेल तर तीही नसते. हजारभर फोटोंत चिठ्ठीचे दोन निघाले. एक अर्धा करडा पडलेला, दुसरा पूर्ण.

कार्ड होतं म्हणून जमलं. फोनच्या आतल्या मेमरीचं गणित वेगळं. आजचे फोन माहिती कुलूपबंद करून ठेवतात, आणि रिकामी ठरलेली जागा स्वतःच साफ करत राहतात. फॅक्टरी रीसेट झाला की त्या कुलपाची किल्लीच जाते. तेव्हा "१०० टक्के रिकव्हरी" लिहिलेल्या दुकानात पैसे देण्याआधी सोप्या जागा बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तरी ६० दिवस बिनमध्ये राहतो, आयफोनमध्ये साधारण ३० दिवस. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप गेल्या काही दिवसांचे बॅकअप फोनमध्येच ठेवतं.

फोटो सापडला म्हणजे दावा जिंकला असं नाही. २०२० साली जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हा फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा, एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून आम्ही भाभींना सांगितलं की आमचं काम फक्त शोधण्यापुरतं. मूळ कार्ड पाकिटात बंद करा, तारीख घाला, वकिलामार्फत तज्ज्ञाकडे द्या.

ज्या दुकानदाराकडे त्या आधी गेल्या होत्या, तो म्हणे "बायकोचे, सुनेचे डिलीट केलेले चॅट" पण काढून देतो. अशी मागणी घेऊन लोक आमच्याकडेही येतात, चांगल्या घरातले. आम्ही नाही म्हणतो. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. खाजगी डिटेक्टिव्ह लावला म्हणून सूट मिळत नाही. २००७ मध्ये डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. आणि सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत दुसऱ्याच्या गोष्टींची टेहळणी करायला मनाई आहे, हे आपल्या घरात कुणाला सांगायला हवं का? तसंच सूरह बकराच्या २८२व्या आयतीत कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या असं सांगितलंय. भाभींच्या चिठ्ठीवर साक्षीदाराची सही नाही, ही आता वकिलांची मोठी अडचण आहे.

दुसरी अडचण मुदतीची. उसन्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो. फोटोच्या आतली तारीख सांगते की २ वर्षं ४ महिने झालेत. ती तारीख फोनच्या घड्याळाइतकीच खरी, म्हणून बँकेतून रक्कम काढल्याची नोंद मागवली आहे. नोटीस गेल्या आठवड्यात गेली.