आरवातली बाग

आज शाळेच्या हजेरीपटावर आरव आणि अर्णव हमखास भेटतात. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातल्या एकाच ओवीत हे दोन शब्द यमकानं जोडलेले आहेत. अर्णव म्हणजे समुद्र. आणि आरव? संस्कृत कोश सांगेल: आवाज, गलका. पण ज्ञानेश्वरांच्या आरवाचा त्या गलक्याशी काही संबंध नाही! हा बाग या अर्थाच्या 'आराम' शब्दाचा मराठी अवतार. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसा आरामाचा आरव. शब्द दोन, चेहरा मात्र एक.

त्याच ओवीच्या सुरुवातीला 'चला' आहे. लहानपणी प्रार्थनेला हात जोडून उभं राहिलं की मला वाटे, कुणीतरी बोलावतंय. तो 'चल'चा आज्ञार्थ नव्हेच. तो 'चालता' या अर्थाचा. कल्पतरूंच्या चालत्या बागा! हे कळलं तेव्हा या ओवीत वर्णिलेला संतांचा मेळा सावली घेऊन चालत येताना दिसला.

पसायदानातल्याच 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो'मधल्या 'पाहो'ची गंमत तर याहून खोल. विश्वानं सूर्य पाहावा, असं आपण सहज समजतो. जुन्या मराठीत मात्र आणखी एक 'पाहणें' होतं: उजाडणं. ते 'प्रभा'च्या घराण्यातलं, आपल्या पहाटेच्या नात्यातलं. म्हणजे विश्वानं नुसतं बघायचं नाही, उजळायचं आहे. मला हाच अर्थ पटतो. आणि पसायदानातल्या 'व्यंकटी'चा तिरुपतीशी संबंध नाही. ती दुष्टांच्या मनातली वक्रता.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गोदाकाठी, पैठणजवळ आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव. पसायदान जिच्या शेवटी येतं, ती ज्ञानेश्वरी 1290 सालची. पैठणच्या एकनाथांनी 1584 मध्ये तिची प्रत शुद्ध केली, तोवर 294 वर्षं उलटली होती आणि नकला होता होता पाठ बिघडले होते. ते काम किती नाजूक असेल! ज्ञानेश्वरीत 'फुडें' येतो. तो 'स्फुट'वरून आलेला: उघड, निश्चित. शेजारीच 'पुढें' आहे. लिहिणाऱ्याच्या कानाला दुसरा सवयीचा. एक अक्षर बदललं की अर्थ निसटला. गोव्यात कोकणी माणूस तर आजही 'फुडें' म्हणतो, आणि त्याला अभिप्रेत असतं ते 'पुढे'च. अशा जुळ्या चेहऱ्यांच्या शब्दांमधून नाथ एकेक ओवी पारखत गेले, आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की या ग्रंथात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं.