बहुराष्ट्रीय नौदल सरावातील मैत्रीपूर्ण क्रीडासामने : स्वरूप आणि मर्यादा

बहुराष्ट्रीय नौदल सराव म्हटला की युद्धनौका, पाणबुड्या आणि तोफांचा मारा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात असा सराव सामान्यतः दोन टप्प्यांत पार पडतो. पहिला बंदरात, दुसरा खुल्या समुद्रात. नौसैनिकांचे क्रीडासामने हे बंदर टप्प्याचे अंग होय. त्यांच्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे अपुरे ठरते.

या दृष्टीने 'मलबार' सराव उद्बोधक आहे. भारत व अमेरिका यांच्यात १९९२ मध्ये सुरू झालेल्या या सरावात २०१५ पासून जपान कायमस्वरूपी सहभागी झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये हा सराव प्रथमच ऑस्ट्रेलियात, सिडनी येथे झाला. भारतातर्फे 'सह्याद्री' व 'कोलकाता' या युद्धनौका गेल्या होत्या. दोन्ही मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या. परस्परांच्या नौकांना भेटी व व्यावसायिक चर्चा यांच्या जोडीने बंदर टप्प्यात क्रीडासामन्यांचाही समावेश होता.

या सामन्यांचे प्रयोजन समुद्रावरील कामात शोधावे लागते. चालत्या नौकेत इंधन भरताना दोन नौका समान वेग राखून अगदी जवळून समांतर जातात. दोर व नळी सांभाळणारे हात मात्र दोन देशांचे असतात. इशारा चुकल्यास अपघात अटळ. अशा वेळी समोरचा माणूस अगदीच अनोळखी नसणे हितावह असते. म्हणूनच व्हॉलीबॉल, फुटबॉल, रस्सीखेच असे, भाषेवाचून उमगणारे खेळ सोयीचे ठरतात. (क्रिकेट भारत व ऑस्ट्रेलिया यांना जवळचे, अमेरिकी व जपानी नौसैनिकांना ते आधी शिकवावे लागेल.) देशवार संघांपेक्षा मिश्र संघ या हेतूस अधिक पोषक होत; देशवार सामन्यात ओळखीपेक्षा ईर्ष्याच वाढण्याचा संभव असतो.

तथापि मैदानावरील स्नेहाला राजकीय निर्णयांची मर्यादा आहे, हे क्रीडा-राजनयाच्या उत्साही समर्थकांकडून बरेचदा दुर्लक्षिले जाते. ऑस्ट्रेलिया २००७ च्या मलबार सरावात होता. त्यानंतर तो परतला थेट २०२० मध्ये. हवाई बेटांजवळील 'रिमपॅक' सरावात चीनने २०१४ व २०१६ मध्ये भाग घेतला. तेथेही बंदर टप्प्यात खेळ असतात. परंतु दक्षिण चीन समुद्रातील चीनच्या लष्करी हालचालींचे कारण देऊन अमेरिकेने २०१८ मध्ये चीनचे निमंत्रण मागे घेतले.