निळ्या रंगाचा प्रवास

परकीयांकडून कांहीं घेतलें कीं कला बाटते, असें मानणारांनीं एका निळ्या रंगाची कथा ऐकण्याजोगी आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत तयार झालेला 'प्रशियन ब्लू' हा रंग डच व चिनी व्यापाऱ्यांमार्फत जपानांत पोहोंचला. १८३० च्या सुमारास होकुसाईनें फुजी पर्वताच्या चित्रमालिकेंत तो मुक्तहस्तें वापरला. दूरची वस्तु लहान दाखविण्याची पाश्चात्य रीतहि त्यानें आत्मसात् केली होती. त्याच्या प्रचंड लाटेखालीं फुजी इवलासा दिसतो तो या रीतीमुळेंच.

१८५४ च्या तहानें जपानचीं दारें अमेरिकेस उघडलीं. पुढें लाकडी ठशांनीं छापलेलीं हीं चित्रें पॅरिसच्या बाजारांत आलीं. त्यांतील सपाट रंग, ठळक रेषा व अनपेक्षित मांडणी पाहून तेथील चित्रकार थक्क झाले. व्हॅन गॉगनें १८८७ सालीं हिरोशिगेच्या चित्रांवरून तैलचित्रें रंगविलीं; देब्युसीच्या 'समुद्र' या वाद्यरचनेच्या १९०५ च्या मुखपृष्ठावर तर होकुसाईचीच लाट आली.

अस्सल जपानी म्हणून युरोपनें जिचें कौतुक केलें, त्या कलेंत युरोपचा अंश आधींच मुरलेला होता. मात्र त्यामुळें होकुसाईची थोरवी उणावत नाहीं. रंग उसना होता. दृष्टि त्याची स्वतःची होती.