बिटकॉइन मायनिंगचा नफा : आधी विजेचे बिल मांडा

२०१७ साली अमरावतीत एका सेमिनारला मित्राच्या आग्रहाने गेलो होतो. सूट घातलेला मुलगा वऱ्हाडीत सांगत होता, "आपल्याले काईच करा लागत नाई, मशीन रातदिस पैसे कमावते." समोर बसलेल्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपलीच पोरे होती. माझ्या अकोल्याच्या एका मित्राने त्यात बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम घातली. ती परत आली नाही. आजही तसेच मेसेज फिरतात, म्हणून हे लिहितो आहे.

मायनिंग ही थाप नाही. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही जगभरातले संगणक सांभाळतात. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते आणि ते जोडणाऱ्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये एका पानाला ५० नाणी मिळत आणि घरचा संगणक पुरत असे. हे बक्षीस सुमारे चार वर्षांनी निम्मे होते. २०१७ मध्ये ते १२.५ होते, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे.

म्हणजे २०१७ मध्ये साऱ्या जगात मिळून दिवसाला १,८०० च्या आसपास नवी नाणी निघत. मशीन वाढल्या म्हणून नाणी वाढत नाहीत. गणित आपोआप अवघड होते आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. मग कोणी दरमहा ठरावीक टक्के देतो म्हणाला, तर ते आणणार कुठून?

त्या काळातली प्रसिद्ध मशीन अँटमायनर एस-९ सुमारे १,३५० वॅट वीज खाई. दिवसाला ३२ युनिट, महिन्याला साधारण ९७०. युनिट १० रुपये धरला तरी बिल ९,७०० रुपये. त्यात अकोल्याचा मे महिना! मशीन थंड ठेवण्याचा खर्च वेगळा.

'गेनबिटकॉइन' याच आशेवर उभी राहिली. अमित भारद्वाजच्या या योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देण्याचे आश्वासन होते. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती दिले गेले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. ईडीच्या म्हणण्यानुसार, गोळा केलेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ मध्येच ६,६०० कोटी रुपये होती. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले.

काही जण या धंद्यालाही बाबासाहेब जोडतात. १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मध्ये चलन छापण्यावर मर्यादा हवी हा विचार आहे, हे खरे. पण तो कशासाठी? रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी म्हणून. बिटकॉइन २०१७ मध्ये हजार डॉलरवरून वीस हजारांजवळ गेले आणि वर्षभरात चार हजारांखाली आले. त्यात गरिबाने महिन्याचा किराणा कसा बसवायचा?

आज क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. 'तीन माणसे जोड, कमिशन घे' असे कोणी म्हणाले, तर १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा ध्यानात ठेवा : अशा साखळीत इतरांना सभासद करणे हाही गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पावत्या आणि चॅट जपून ठेवा. तक्रार लिहायला कोणी सोबत हवे असेल, तर वस्तीतल्या कार्यकर्त्याने ठाण्यापर्यंत जावे.