कुत्रा हरवला तर...

गाय चुकली तर गुराखी रान पालथे घालतो, सायकल चोरीस गेली तर आपण पोलीस चौकी गाठतो, पण कुत्रा दिसेनासा झाला, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "जाईल कुठे? भूक लागली की येईल." पुष्कळदा तो येतोही. पण येत नाही, तेव्हा वाट पाहण्यात गेलेले पहिले काही तासच महाग पडतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा शिस्तीने विचार व्हावा, असे मला वाटते.

कुत्रा का गेला, यावर तो कुठे शोधायचा हे ठरते. फटाक्यांनी किंवा विजेच्या कडकडाटाने बिथरलेला कुत्रा दिशा न पाहता धावतो आणि दमला की आडोशाला दडून बसतो. माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला कुत्रा त्याच वस्तीत इतर कुत्र्यांबरोबर घुटमळतो. घर बदलले असेल, तर तो जुन्या घराकडे जाण्याचा संभव असतो. चौथे कारण म्हणजे कोणीतरी उचलून नेणे.

शोधाची सुरुवात घरापासून करावी: जिना, गच्ची, उभ्या गाड्यांखाली, गटाराच्या कडेला. मग पायी गल्ल्या फिराव्यात. पहाटे व रात्री रहदारी कमी असते, तेव्हा हाक दूरवर जाते. दूधवाला, पेपर टाकणारा, चहाची टपरी आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना आवर्जून विचारावे. घरी मात्र एक माणूस थांबलेच पाहिजे. कुत्र्याचे अंथरूण दाराबाहेर ठेवावे. वास हीच त्याची खूण. तो दिसला तरी मागे धावू नये. भेदरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो. खाली बसावे, नेहमीच्या आवाजात हाक मारावी, खाणे पुढे ठेवावे.

माझे घर सिल्वासाला आहे. तिथली एक अडचण इथल्या सीमाभागातील मित्रांना लगेच समजेल. सिल्वासाहून वापीकडे निघाले की आधी गुजरातची पट्टी लागते, मग दादरा, मग पुन्हा गुजरात. २६ जानेवारी २०२० पासून दादरा नगर हवेली आणि दमण दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. पण कुत्र्याला प्रदेश कळत नाही आणि पोलिसांना मात्र हद्द पाळावी लागते. म्हणून खबर दोन्हीकडे द्यावी. पत्रकही एका भाषेत काढून भागत नाही. आमच्याकडे गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा हव्यात. कारखान्यांतले पुष्कळ कामगार उत्तरेकडून आलेले असतात. पत्रकावर मोठे छायाचित्र, हरवल्याची जागा व तारीख आणि फोन नंबर एवढे पुरे. अंगावरची एक खूण मात्र छापू नये. "कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा," असा फोन आला, तर तीच खूण विचारावी.

नगरपालिकेकडेही चौकशी करावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटकी कुत्री पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून पुन्हा पकडलेल्या जागी सोडायची असतात. परंतु शाळा-कॉलेजे, इस्पितळे, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवारागृहात हलवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. तेव्हा पट्टा नसलेला पाळीव कुत्रा अशा आवारात शिरला, तर तोही गाडीत जाऊ शकतो.

आता आमच्या वाणिज्य शाखेचा विषय. कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ७१ प्रमाणे, सापडलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली, त्याने ती दुसऱ्याने सांभाळायला दिल्यासारखी जपली पाहिजे. कलम १६८ म्हणते, की सांभाळण्याच्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही. पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी मात्र दावाही करता येतो. म्हणून पत्रकात "योग्य बक्षीस" असे मोघम लिहावे की आकडा घालावा, याचा आधीच विचार करावा.

याच संदर्भात १९१३ सालचा लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा खटला आम्हाला अभ्यासाला असतो. मालकाचा पुतण्या हरवला. मुनीम त्याच्या शोधात हरिद्वारकडे गेला. मागाहून मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मुनिमाने मुलगा शोधला, पण तेव्हा त्याला बक्षिसाची कल्पना नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. जो प्रस्ताव माहीतच नाही, त्याचा स्वीकार कसा होणार?

दिवाळीत आमच्या शेजारच्या काकांचा मोती फटाक्यांना घाबरून पळाला. आम्ही पोरांनी पत्रके चिकटवली. तिसऱ्या दिवशी तो एका गोदामामागे सापडला. तिथला पहारेकरी आपल्या डब्यातली भाकरी त्याला घालत होता. त्याला वाचता येत नव्हते. बक्षिसाची गोष्ट त्याने आमच्याच तोंडून प्रथम ऐकली. मी परीक्षेच्या तयारीत होतो, म्हणून काकांना लालमनचा खटला सांगितला. काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि जाहीर केलेली रक्कम पहारेकऱ्याच्या हातात ठेवली. न्यायालयाचा निकाल तर्काला धरूनच आहे. पण हिशेबाच्या वहीत न मावणारे देणेही असते, हे मला त्या दिवशी कळले.

शेवटी, हरवण्यापूर्वी करायच्या गोष्टी. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर असावा. जमल्यास पशुवैद्याकडून त्वचेखाली चिप बसवून घ्यावी. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. सापडलेला कुत्रा कोणाचा, हे सांगते, आणि तेही नोंदीत आपला फोन नंबर बरोबर असेल तरच. रेबीजची लस वेळेवर टोचून नोंदवही जपून ठेवावी. अनोळखी कुत्रा पकडताना तो चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठावा. आणि दिवाळीच्या संध्याकाळी कुत्र्याला घरात, दार लावून ठेवावे. एवढे केले, तर वरच्या बऱ्याचशा मजकुराची गरजच पडणार नाही.